किती वरून किती? हेल्थ बीटवर नवीन आलेल्यांसाठी तज्ञांच्या मुलाखतीचं गाईड

हेल्थ बीटवर, म्हणजे आरोग्याच्या बातम्यांवर, मी अगदी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका नवीन औषधाबद्दल कॅन्सरच्या एका डॉक्टरांशी बोलत होते. ते म्हणाले, "बऱ्याच पेशंट्समध्ये चांगला रिस्पॉन्स आलाय." मी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं आणि कॉपीत टाकलं की बरेच रुग्ण बरे झाले. डेस्कवरच्या सीनियरनी कॉपी वाचली आणि एवढंच विचारलं, "बरे झाले म्हणजे नक्की काय झालं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत फोन लावला, प्रश्न विचारला, पलीकडे दोन-तीन सेकंद नुसती शांतता, मग डॉक्टर म्हणाले, "बरे झाले असं मी कधी म्हणालो?"

म्हणालेच नव्हते ते. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये रिस्पॉन्स या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. गाठीच्या कॅन्सरसाठी जो निकष सगळीकडे वापरतात त्यात मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज कमीत कमी ३० टक्के घटली की त्याला पार्शल रिस्पॉन्स म्हणतात. आता गाठ लहान झाली म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही, जास्त जगेल असंही नाही, ते वेगळं मोजावं लागतं. हे सगळं मला त्या फोनवर कळलं, आणि तो फोन करावा लागला कारण पहिल्या वेळी मी मान डोलावली होती.

या बीटवरच्या बहुतेक चुका अशाच होतात असं माझं मत झालंय. समोरचा खोटं बोलतो म्हणून फार कमी वेळा, आपण न कळता मान डोलावतो म्हणूनच जास्त. तर खाली जे लिहिलंय ते सगळं मान कमी डोलवायला लागावी यासाठी आहे, क्रमाने लिहिलंय पण काही ठिकाणी जास्त रेंगाळलेय ते समजून घ्या.

पहिलं: तुम्हाला नक्की कुठला तज्ञ हवाय

"डॉक्टर आहेत ना, मग झालं" असं करून चालत नाही. एका स्टोरीला साधारण चार प्रकारची माणसं लागू शकतात. ज्याने तो पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहिलाय तो संशोधक. त्याच विषयात काम करणारा पण त्या स्टडीशी काहीही संबंध नसलेला दुसरा. रोज असे पेशंट बघणारा डॉक्टर. आणि आकडेवाला, म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्सचा माणूस, ज्याला कुणीच फोन करत नाही आणि खरं तर जो वीस मिनिटात अख्खी स्टोरी वाचवू शकतो. दर वेळी चारही मिळणार नाहीत, पण निदान पहिले दोन पाहिजेतच.

मोठं नाव बघून भुलायचं नाही. लायनस पॉलिंग यांना २ नोबेल मिळाली, १९५४ ला केमिस्ट्रीचं आणि १९६२ चं शांततेचं, आणि १९७० पासून ते सांगत राहिले की व्हिटॅमिन सी चे मोठे डोस घेतले की सर्दी होत नाही. नंतर झालेल्या ट्रायल्स एकत्र करून बघितल्या तर सर्वसाधारण लोकांमध्ये रोज व्हिटॅमिन सी घेऊन सर्दी होण्याचं प्रमाण काही कमी झालेलं दिसत नाही, झालेली सर्दी थोडी लवकर जाते इतकंच. माणूस थोरच होता, पण या प्रश्नावरचा तज्ञ नव्हता.

म्हणून फोन लावायच्या आधी पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंध शोधायची साइट) नाव टाकून बघा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. गेल्या पाच वर्षांत या माणसाने याच विषयावर काही लिहिलंय का एवढंच बघायचं. हाडांचे उत्तम सर्जन लसींबद्दल बोलायला तयार असतात, टीव्हीवर छान बोलतातही, पण त्या विषयात ते तुमच्या-माझ्यापेक्षा थोडेसेच पुढे असतात.

दुसरं: पेपर वाचा. हो, खरंच वाचा

प्रेस रिलीज वाचून मुलाखतीला जाऊ नका. कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ब्रिटनमधल्या २० युनिव्हर्सिट्यांची ४६२ प्रेस रिलीज तपासली होती, २०१४ ला बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये ते छापून आलं. त्यातल्या ४० टक्के रिलीजमध्ये लोकांना दिलेला सल्ला पेपरपेक्षा वाढवून लिहिला होता आणि प्राण्यांवरच्या अभ्यासांपैकी ३६ टक्क्यांत माणसांबद्दलचे निष्कर्ष फुगवलेले होते. म्हणजे फुगा फुगवायला पत्रकार यायच्या आधीच सुरुवात झालेली असते.

अख्खा पेपर समजला पाहिजे असं अजिबात नाही, मलाही समजत नाही. मी वाचते ते असं: आधी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (म्हणजे सुरुवातीचा सारांश), मग पहिला टेबल, कारण त्यात किती लोक होते, वय काय, किती बायका किती पुरुष हे सगळं असतं, मग थेट शेवटाकडे जाऊन लेखकांनी स्वतःच सांगितलेल्या मर्यादा, आणि मग पैसे कुणी दिले तो बारीक अक्षरातला भाग. मधला मेथडचा भाग शेवटी. ट्रायल असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साइटवर तिची नोंद शोधायची, तिथे सुरुवातीला काय मोजायचं ठरवलं होतं ते लिहिलेलं असतं. ठरवलं एक आणि पेपरात वाजवलं दुसरंच असं दिसलं तर तुमचा पहिला प्रश्न तयार झाला.

आणि पेपर छापून आलाय की प्रीप्रिंट आहे तेही बघून घ्या. मेडआर्काइव्हवर जे असतं (ही साइट २०१९ ला सुरू झाली) ते दुसऱ्या तज्ञांनी अजून तपासलेलं नसतं. तपासलेलं म्हणजे दगडावरची रेघ असंही नाही म्हणा. २०२० च्या मे मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये कोविडच्या पेशंटना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देण्याबद्दलचा मोठा पेपर आला, जगभर बातम्या झाल्या, आणि १३ दिवसांत तो मागे घेतला गेला, कारण सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचा मूळ डेटा स्वतंत्रपणे तपासायला मिळेना, पेपरवर नाव असलेल्या बाकीच्या लेखकांनाही नाही. तेव्हापासून एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते: "मूळ डेटा तुम्ही स्वतः बघितलाय का?" साधा प्रश्न आहे, उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो तेही बघा.

वाचून जाण्याचा फायदा कळायला ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांचं १९९८ चं प्रकरण बघा. एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची एकत्र लस) आणि ऑटिझमचा त्यांचा जो पेपर गाजला त्यात फक्त १२ मुलं होती, आणि संबंध सिद्ध झालेला नाही असं त्या पेपरातच लिहिलेलं होतं. पण लंडनच्या पत्रकार परिषदेत वेकफील्ड म्हणाले की तिन्ही लसी वेगवेगळ्या द्याव्यात. तिथे बसलेल्या कुणीही पेपर पुढे धरून विचारू शकलं असतं की साहेब, तुम्ही लिहिलंय एक आणि सांगताय दुसरं, हे कसं? लॅन्सेटने तो पेपर मागे घेतला २०१० ला, म्हणजे १२ वर्षांनी, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तिसरं: वेळ मागताना

मेल लहान ठेवा. तुम्ही कोण, कुठे छापणार, कुठल्या पेपरबद्दल, किती मिनिटं (मी १५ मागते, चांगलं चाललं तर लोक स्वतःच ४० मिनिटं बोलतात), डेडलाइन कधी. डेडलाइन खरी सांगा. "अर्जंट आहे" लिहिलेले मेल डॉक्टरांना दिवसाला दहा येतात. ओपीडीच्या वेळेत फोन करू नका, विचारून घ्या की ऑपरेशनचे दिवस कुठले, आणि कॉलवर पीआरचा माणूस बसणार असेल तर बसू दे, पण उत्तरं त्याच्याकडून घ्यायची नाहीत.

प्रश्न आधी पाठवा म्हणतात पुष्कळ जण. मी विषय पाठवते, शब्दशः प्रश्न नाही, कारण प्रश्न पाठवले की लिहून आणलेली उत्तरं मिळतात आणि वाचून दाखवलेल्या वाक्याचा कोट लगेच ओळखू येतो. अपवाद आकड्यांचा. "मला अमुक टेबलमधला आकडा समजावून हवाय" हे आधी सांगितलं तर समोरचा तो टेबल उघडून बसतो, दोघांचाही वेळ वाचतो. मेलवरच उत्तरं देतो म्हणणारे असतात, चालतं, पण मेलवर उलटा प्रश्न विचारता येत नाही, म्हणून निदान दहा मिनिटं फोन मागाच.

ऑन रेकॉर्ड की ऑफ द रेकॉर्ड हे बोलणं सुरू व्हायच्या आधी ठरतं. बोलून झाल्यावर "हे छापू नका हं" असं कुणी म्हणालं तर नियमाने तुम्ही बांधलेले नसता, पण भांडत बसण्यापेक्षा मी विचारते की यातलं नक्की काय अडचणीचं आहे, आणि बऱ्याचदा एखादं नाव किंवा एखादा पेशंट असतो, ते काढून बाकीचं ठेवता येतं. ऑफ द रेकॉर्ड, नाव न देता, बॅकग्राउंड, या शब्दांचे अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळे असतात. शब्द वापरण्यापेक्षा सरळ विचारा: हे छापू का? तुमच्या नावाने छापू का? पेशंटच्या बाबतीत तर डॉक्टरांनी बोलण्याच्या ओघात सांगितलेलं असलं तरी वय, व्यवसाय, आजार आणि राहण्याचं ठिकाण एकत्र छापलं की ओळखीचे लोक बरोब्बर ओळखतात, तेव्हा तिथे हात आखडताच ठेवायचा.

रेकॉर्डिंगला परवानगी घ्या, दोन उपकरणांवर करा, आणि तरीही हाताने लिहा. माझा रेकॉर्डर एकदा अख्ख्या मुलाखतीत पॉजवर होता. पुढे काय सांगू.

चौथं: पैशाचं विचारायचंच

नवीन लोकांना सगळ्यात जास्त संकोच इथे वाटतो. समोर एवढे मोठे डॉक्टर, आणि आपण विचारायचं की कंपनीकडून पैसे घेता का? मी वाक्य ठरवून टाकलंय: "हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, या कंपनीशी किंवा या उपचाराशी तुमचा काही आर्थिक संबंध आहे का, म्हणजे फी, रिसर्च ग्रँट, शेअर, पेटंट?" सगळ्यांना विचारते म्हटलं की टोचत नाही, आणि यादी वाचून दाखवायची कारण नुसतं "काही संबंध?" विचारलं तर लोक पटकन नाही म्हणतात, लेक्चरची फी त्यांना संबंध वाटतच नाही.

संबंध असला म्हणजे माणूस खोटारडा असं नाही हं. नव्या औषधांवरचं कितीतरी काम कंपन्यांच्याच पैशावर चालतं, त्यातले लोक विषय आतून जाणतात. फक्त वाचकाला ते माहीत पाहिजे. वेकफील्ड प्रकरणातही लस कंपन्यांवर केस करू पाहणाऱ्या वकिलांकडून पैसे आले होते, आणि ते २००४ ला ब्रायन डीअर या पत्रकाराने बाहेर काढलं, पेपर आल्यानंतर ६ वर्षांनी. अमेरिकेतले डॉक्टर असतील तर ओपन पेमेंट्स नावाची सरकारी साइट आहे, तिथे कंपन्यांनी कुणाला किती दिले ते शोधता येतं.

पाचवं: प्रत्यक्ष बोलताना

सुरुवात सोप्या प्रश्नाने. मी विचारते, "हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला कुठून?" लोक खुलतात, आवाज उतरतो, आणि बऱ्याचदा स्टोरीची सुरुवात इथेच मिळते.

मग मुख्य हत्यार: समजलं नाही. हे वाक्य मराठीत म्हणायला जीभ का अडखळते कुणास ठाऊक, पण म्हणायचं. आणि त्याहून उपयोगी म्हणजे आपल्या शब्दात परत सांगणं. एक नमुना देते, असं बोलणं माझं कितीतरी वेळा झालंय:

"या टेस्टची अ‍ॅक्युरसी नव्वद टक्के आहे."

"म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आली तर नव्वद टक्के शक्यता की आजार आहे, असं लिहू?"

"नाही नाही. ज्यांना आजार आहे त्यातल्या नव्वद टक्क्यांना टेस्ट पकडते."

"आणि ज्यांना नाहीये त्यांच्यात?"

"त्यातल्या साधारण नऊ टक्क्यांनाही पॉझिटिव्ह दाखवते."

"मग हजार लोकांची केली तर काय होईल, आकड्यात सांगा ना."

आता इथे पेन उचलायचं आणि दोघांनी मिळून हिशोब करायचा. समजा हजारातल्या १० जणांना तो आजार आहे. टेस्ट त्यातल्या ९ जणांना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी ९ टक्के म्हणजे ८९ जणांनाही पॉझिटिव्ह येते. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यात खरोखर आजारी ९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहा-अकरा जणांत एकच आजारी. "नव्वद टक्के अचूक टेस्ट" ही हेडलाइन आणि हा हिशोब शेजारी ठेवून बघा. पहिल्या वाक्यावर मान डोलावली असती तर हेडलाइनच छापली गेली असती.

चुकीचं परत सांगितलं तरी चालतं, खरं तर तेव्हाच जास्त मिळतं, कारण चूक दुरुस्त करताना तज्ञ सगळ्यात सोप्या भाषेत बोलतो. आणि उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न फेकू नका. तीन सेकंद थांबा. ती शांतता भरायला समोरचा जे बोलतो ना, "म्हणजे अर्थात, हे सगळं तरुण पेशंट्समध्येच बघितलंय", तिथे सोनं असतं.

"तुमच्या आईला हे औषध द्याल का" हा प्रश्न मी आता विचारत नाही. कोट मस्त मिळतो पण तो पुरावा नाही, भावना आहे. त्याऐवजी दोन विचारते. एक, "उद्या ओपीडीत असा पेशंट आला तर तुम्ही आजच्यापेक्षा काही वेगळं कराल का?" खूप वेळा उत्तर येतं, "नाही, अजून वाट बघावी लागेल," आणि खरी बातमी तीच असते. दुसरा, "काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?" यावर जो म्हणतो की काहीही दिसलं तरी बदलणार नाही, त्याच्या कोटला मी जरा जपूनच हात लावते.

सहावं: आकडे (इथे वेळ घ्या)

दुप्पट, निम्मं, ५० टक्क्यांनी कमी, असं काहीही कानावर आलं की तोंडातून आपोआप निघालं पाहिजे: किती वरून किती? ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. खरा हिशोब होता साधारण ७,००० बायकांमागे १ वरून ७,००० मागे २. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. दुप्पट हा शब्द खोटा नव्हता, फक्त कशाच्या दुप्पट ते लोकांपर्यंत पोचलं नाही.

दुसरा प्रश्न: मोजलं काय? रिपोर्टमधला आकडा सुधारला की माणूस? हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकतात, ते ठोके गप्प करणारी औषधं ऐंशीच्या दशकात डॉक्टर भरवशाने द्यायचे, ईसीजी छान दिसायचा. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. १९९१ ला छापलेले आकडे असे: औषधवाल्या ७५५ पैकी ६३ जण दगावले, नुसती प्लेसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला आणि माणसं जास्त गेली. तेव्हा साखर कमी झाली, गाठ आकसली, मार्कर सुधारला असं कुणी म्हणालं की विचारा, यामुळे लोक जास्त जगले का, बरे राहिले का, की ते अजून बघितलंच नाहीये?

तिसरी गंमत पाच वर्षं जगण्याच्या टक्केवारीची. २००७ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे रूडी जुलियानी प्रचारात सांगत होते की प्रोस्टेट कॅन्सरमधून वाचण्याचं प्रमाण अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडमध्ये ४४ टक्के, म्हणजे आमची व्यवस्था बघा किती भारी. पण या आजाराने मरण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. कसं काय? समजा एक माणूस ७० व्या वर्षीच जाणार आहे. आजार ६७ व्या वर्षी सापडला तर तो ३ वर्षं जगला, तपासणी करून ६० व्या वर्षीच शोधून काढला तर १० वर्षं जगला. आयुष्य एक दिवसानेही वाढलं नाही, आकडा मात्र सुधारला. स्क्रीनिंगबद्दल कुणीही बोलत असेल तर जगण्याचा आकडा बाजूला ठेवून मृत्यूचं प्रमाण मागा.

बाकी पटापट: तुलना कशाशी केली, प्लेसिबोशी की आधीपासून मिळणाऱ्या औषधाशी? किती दिवस लक्ष ठेवलं? किती जण मधेच सोडून गेले आणि का? त्रास काय काय झाला? या शेवटच्यावर "वेल टॉलरेटेड आहे" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही, परत विचारा की किती जणांना औषध बंद करावं लागलं.

सातवं: त्यांचं बोलणं मराठीत आणताना

हे कुठल्याही इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही. तज्ञ बोलतो अर्धं इंग्रजी, आपण लिहितो मराठी, आणि मधल्या रस्त्यात अर्थ सांडतो.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे "मुळे". डॉक्टर म्हणतात असोसिएशन दिसलं, आपण लिहितो "अमुक खाल्ल्यामुळे तमुक होतं". झालं, एका प्रत्ययात आपण कारण ठरवून मोकळे. "अमुक खाणाऱ्यांमध्ये तमुक जास्त आढळलं" हे वाक्य लांब आहे, डेस्क छाटायला बघेल, तरी भांडून ठेवा. सिग्निफिकंटचं "लक्षणीय" करू नका, आकडेवाल्यांच्या भाषेत, खरा फरक मुळात नसता तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी होती इतकंच त्यातून कळतं, फरक मोठाच आहे असं नाही, तो एवढासाही असू शकतो. पॉझिटिव्ह म्हणजे आपल्या कानाला चांगलं, टेस्टच्या बाबतीत बहुतेकदा वाईट. आणि मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, हे येतं सगळ्यांना, पण रात्री अकराला शून्यं चुकतात, माझीही चुकलीयेत.

२०१५ मध्ये कर्करोगावर काम करणाऱ्या डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या संस्थेने प्रोसेस्ड मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, आणि "सिगरेटइतकंच घातक" अशा बातम्या झाल्या. त्या गटाचा अर्थ एवढाच की याने कॅन्सर होऊ शकतो याचा पुरावा पक्का आहे. धोका किती मोठा ते त्या गटावरून कळतच नाही. रोज ५० ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं त्यांनी दिलं होतं (आता काय विचारायचं ते कळलंच असेल). तज्ञाला सरळ विचारा: तुम्ही खात्री किती आहे ते सांगताय, की धोका किती मोठा आहे ते?

आठवं: दुसरा तज्ञ, आणि बॅलन्सचं भूत

स्टडीत नसलेल्या माणसाला पेपर आधी पाठवा, एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही अशी अट) असेल तर तसं स्पष्ट सांगून, आणि ज्यांनी एम्बार्गो घातलाय त्यांचे नियम असं दाखवू देतात का तेही बघून. मग विचारा, "यात तुम्हाला सगळ्यात कच्चं काय वाटलं?" कसा वाटला विचारलं तर "इंटरेस्टिंग आहे" एवढंच मिळतं.

पण बॅलन्सच्या नावाखाली एक हा, एक तो असं करू नका. हजार संशोधक एकीकडे आणि दोघं दुसरीकडे असतील आणि तुम्ही दोन्हीकडून एकेक कोट घेतला तर वाचकाला वाटतं सामना बरोबरीचा आहे. त्यापेक्षा तज्ञालाच विचारा, "तुमच्या क्षेत्रात यावर किती जणांचं तुमच्यासारखं मत आहे?" प्रामाणिक माणूस स्वतः एकटा पडला असेल तरी सांगतो. आणि फोन ठेवताना शेवटचा प्रश्न: "तुमच्याशी ज्याचं पटत नाही पण ज्याला तुम्ही मानता असा कोण आहे?" माझ्या फोनमधले निम्मे चांगले नंबर या एका प्रश्नाने आलेत.

छापायच्या आधी आणि नंतर

अख्खी कॉपी तज्ञाला दाखवायची की नाही हे तुमच्या ऑफिसचा नियम असेल तसं. मी अख्खी दाखवत नाही, तांत्रिक वाक्यं फोनवर वाचून दाखवते आणि आधीच सांगते की चूक असेल ती सांगा, सूर बदलायचा नाही. "जरा सौम्य करता का" याला गोड बोलून नाही म्हणायचं. औषधाचं नाव स्पेलिंगसकट लिहून घ्या, सेलेब्रेक्स दुखण्यावरचं आहे आणि सेलेक्सा डिप्रेशनवरचं, ऐकायला दोन्ही सारखीच. डोस मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम, हजारपट फरक असतो. रक्तातली साखर काही देशांत वेगळ्या युनिटमध्ये सांगतात, तिथल्या १ चे आपल्याकडच्या रिपोर्टवर १८ होतात, तेव्हा परदेशी तज्ञाचा "सात" तसाच छापू नका.

छापून आल्यावर लिंक पाठवा आणि एका ओळीत विचारा की काही चुकलंय का. बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. कुणी चूक दाखवली तर नोट्स काढा, रेकॉर्डिंग ऐका, खरंच चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करा आणि आधी काय लिहिलं होतं, आता काय केलंय हे त्याच बातमीखाली लिहा. गुपचूप बदलू नका, जुन्या वाक्याचे स्क्रीनशॉट तोवर फॅमिली ग्रुपांवर फिरायला लागलेले असतात.